दुसऱ्या कडव्यातला ‘शे’

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बँकेत नोकरी करते, कुणी अनुभव सांगायला लागलं की विषय बदलते. पण नाशिकला, इंदिरानगरच्या आमच्या घरात, भर दुपारी जे झालं ते मी एकटीनं ऐकलेलं नाही... बाबांनीही ऐकलंय.

आई जाऊन दोनेक वर्षं झाली होती. ती सटाण्याकडची. संसार सगळा नाशकात झाला, पण अहिराणी जिभेवरून गेली नाही. तिच्या आवडत्या एका जुन्या भावगीतात, दुसऱ्या कडव्यात, ‘दूर आहे’ असे शब्द येतात. तिथे ती हमखास ‘दूर शे’ म्हणायची. बाबा चिडवायचे, ती हसायची आणि पुन्हा तेच!

ती गेल्यावर बाबांनी गाणी सोडलीच. मोबाइलवर लावून दिलं तर म्हणाले, “नको गं. यात कुणी जवळ बसल्यासारखं वाटत नाही.”

हल्ली तरुण मुलं पुन्हा रेकॉर्ड प्लेयर घेतात, म्हणून मीही एक घेतला. रविवार कारंजा चौकाजवळ जुन्या रेकॉर्डच्या ढिगात नेमकं तेच गाणं मिळालं.

सुई टेकवली. खरखर... मग गाणं. दुसरं कडवं आलं आणि — ‘दूर शे’.

तेवढ्या एका शब्दापुरता आवाज आईचा. तोच, किंचित नाकातला.

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. “ऐकलंस?”

मी नुसती मान हलवली. त्यांनी उठून स्वतः सुई मागे घेतली. पुन्हा ‘शे’. अगदी स्पष्ट!

तिसऱ्यांदा मी रेकॉर्डिंगसाठी मोबाइल उचलला. बाबांनी माझा हात धरला. “राहू दे. नुसतं ऐक.”

मोबाइल खाली ठेवला. पण या वेळी गायिका सरळ ‘आहे’ म्हणाली. त्यानंतर आजपर्यंत ‘आहे’च.

ऑफिसमधला एक जण म्हणाला, धुळीनं सुई अडखळते. अडखळत असेल... पण धूळ अहिराणी बोलते का?  कारण शोधायचं मी सोडलंय.

बाबा मात्र रोज दुपारी ती रेकॉर्ड लावतात. दुसऱ्या कडव्याला डोळे मिटून पुढे वाकतात. मग हलक्या हातानं सुई उचलतात आणि, आईची सटाण्याहून येणारी बस चुकली असावी इतक्या सहज, मला सांगतात,

“आज नाही आली.”