आमचा झेंडा निळा होता

तुमच्या आत्याच्या लहानपणाचा एकुलता एक फोटो कुणी परक्या माणसाने न विचारता रंगवला, तर तुम्ही त्याचे आभार मानाल का?

माझ्या आत्याचा तो फोटो म्हणजे एका जुन्या कृष्णधवल सिनेमातलं दृश्य. पंचवटीत नदीकाठी चित्रीकरण झालं, तेव्हा आमच्या वस्तीतली पोरं गर्दीत उभी केली होती. नायिका घागर भरते, तिच्या मागे दोन वेण्यांची आत्या, आणि आत्याच्या मागे वस्तीचा झेंडा. घरी कॅमेरा कुणाकडे होता तेव्हा? टीव्हीवर तो सिनेमा लागला की गल्ली आमच्याकडे जमायची आणि ते दृश्य आलं की सगळे एका आवाजात म्हणायचे, "जय भीम!" पाहुणे दचकायचे.

यंदा सिनेमाचे हक्क असलेल्या कंपनीने तोच सिनेमा रंगीत करून घरबसल्या बघायला आणला. जुनी प्रत काढून टाकली. आम्ही हौसेने बसलो. दृश्य आलं. झेंडा भगवा!

"जय" म्हणायला उघडलेली तोंडं मिटली. शेजारची मावशी पुटपुटली, "आता काय म्हणायचं गं बाई?"

"निळा होता," आत्या म्हणाली. "मी लहान होते, आंधळी नव्हते."

"अगं, कॉम्प्युटरने केलंय," चुलतभाऊ म्हणाला. "आणि तू बघ ना, किती गोरी दिसतेस!"

"म्हणजे मलाही पुसलं की रे, मेल्या!"

ती हसली, पण टीव्ही बंद तिनेच केला.

पडद्यावरचे ओरखडे काढा, खरखर घालवा, माझी ना नाही. पण करड्या रंगाखाली काय होतं, हे तिथे उभ्या असलेल्यांना विचारल्याशिवाय ठरवणं ही दुरुस्ती नाही, दांडगाई आहे.

माझे वडील अंबडच्या कारखान्यात कामगार. अक्षरं मी युनियनच्या पत्रकांवर गिरवली. मी तावातावाने पानभर पत्रक लिहिलं. आत्याने वाचलं. "एवढं वाचेपर्यंत लोकांची जेवणाची सुट्टी संपेल." तिने दोनच ओळी ठेवल्या: आमचा झेंडा निळा होता. मूळ सिनेमा परत द्या.

पाळी सुटताना आम्ही त्याच कारखान्याच्या गेटवर उभे राहिलो. एक कामगार आत्याला म्हणाला, "मावशी, सिनेमासाठी पत्रक? पगारवाढीचं काय?"

"त्याचंही काढू. आधी हे धर."

त्याने धरलं, वाचलं आणि मागच्यांना वाटायला आणखी मागून घेतली. आत्या ताठ उभी होती. आयुष्यभर गर्दीतली एक म्हणून दिसलेली ही बाई त्या दिवशी गर्दीला थांबवत होती. अशा घरात जन्मलो, याहून मोठी मिरवण्यासारखी गोष्ट माझ्याकडे नाही.

तेच पत्रक सिनेमाच्या कंपनीलाही पाठवलं, उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो: रंगवलेला जुना सिनेमा घरी लावाल, तेव्हा आधी मूळ प्रत शोधा. सापडली नाही, तर त्याच दिवशी कंपनीला कळवा की ती हवी आहे.