कोकमाच्या पाण्यातलं पितळ

शैलाचा, दिलीपच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी लंडनला पिनरच्या माझ्या घराबाहेर कचऱ्याचा निळा डबा आत ओढत होतो. "सुधीर, दिलीप गेला," ती म्हणाली. सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच कलंडला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलला नेलं, आणि दुपारी ती एकटीच बेसिंगस्टोकच्या घरी परतली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिला ते ऐकायचं नव्हतं. "गॅरेजमधलं ते पिंप अजून फिरतंय रे. सकाळी लावून आला होता. बंद कसं करायचं? त्याला बटणच नाहीये." बटण नव्हतंच. बटण असलेलं मॉडेल महाग होतं. "भिंतीवरचा प्लग काढ," मी म्हटलं. ती फोन हातात धरूनच गॅरेजमध्ये गेली. आधी ती ओळखीची घरघर ऐकू आली, मग ती एकदम तुटली. "थांबलं," शैला म्हणाली, आणि त्यानंतर ती रडली.

ते पिंप म्हणजे काय, हे सांगायला हवं. दिलीप नेमबाजी करायचा. रविवारी बेसिंगस्टोकबाहेरच्या एका रायफल क्लबात जाऊन पालथं पडायचं आणि लांबवरच्या कागदाला भोकं पाडायची, एवढीच. ज्यांना काडतुसं स्वतः भरायची असतात ते झाडलेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणतात, साफ करतात, आणि त्यांत पुन्हा पावडर आणि गोळी भरतात. या देशात त्याला रीतसर परवाना लागतो. तो दिलीपकडे होता, आणि पोलीस अधूनमधून येऊन त्याचं बंदुकीचं कपाट नीट बंद होतं का ते बघूनही जायचे. पुंगळ्या साफ करायचं जे यंत्र, त्याला टंबलर म्हणतात. ते कुठलं घ्यावं, हा प्रश्न माझ्या मित्राच्या आयुष्याची शेवटची काही वर्षं व्यापून होता. मी आजवर बंदूक हातात धरलेली नाही. पण स्वस्त आणि टिकाऊ टंबलर या विषयावर मी कुठल्याही व्यासपीठावरून बोलू शकेन, कारण दर रविवारी संध्याकाळी मी ते फोनवर ऐकलेलं आहे.

आम्ही दोघं पुण्याहून वर्क व्हिसावर आलो तेव्हा बेसिंगस्टोकच्या एकाच बिझनेस पार्कात होतो, एकाच घरात भाड्याने राहत होतो. तो सॉफ्टवेअर टेस्टर. त्याचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. आयुष्यभर पितळी पुंगळ्या उजेडासमोर धरून त्यांनी चिरा शोधल्या, आणि निवृत्त झाले तोवर एकदाही बंदूक झाडली नाही. "आमच्या घराण्यात तपासणीच," दिलीप म्हणायचा, "वापर दुसऱ्यांनी करायचा." बहुधा म्हणूनच त्याने पन्नाशीत क्लबाचा फॉर्म भरला असावा. मी भरपूर टिंगल केली. क्लबात टाय होते, टायवर बिल्ले होते, वार्षिक जेवणात कुणाच्या तरी नावाने ग्लास उंचावायचे होते. मला वाटलं होतं, हा या सगळ्याला भुलला. तसं नव्हतं. जेवणाला तो एकदाच गेला, आणि परत येऊन म्हणाला, "बटाटे कच्चे होते." त्याला ते पालथं पडणं आवडायचं. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं... "तेवढ्या वेळात, सुध्या, मला कुणी काही विचारत नाही," असं एकदा म्हणाला होता. नोकरी गेल्यावर मात्र कुणी काही विचारत नाही हीच अडचण झाली, आणि रविवारची ती रायफल त्याच्या आठवड्याचा खुंटा होऊन बसली.

त्याचं पहिलं यंत्र कोरडं होतं. प्लास्टिकचं एक वाडगं, ते थरथरतं. त्यात अक्रोडाच्या कवचांचा भुगा आणि पुंगळ्या घालून झाकण लावायचं. बाजारातला भुगा महाग म्हणून हा पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेला आणि सरड्यांच्या पेटीत पसरायला मिळतो तोच भुगा पोतंभर घेऊन आला. काउंटरवरच्या मुलीने सरड्याचं नाव विचारलं. त्याने माझं सांगितलं. पुढे काही महिने ती पोरगी "सुधीर कसा आहे?" म्हणून चौकशी करायची, आणि हा तिला माझी खुशाली कळवायचा. इथवर सगळं गमतीचं होतं. पण पुंगळ्या आणि भुगा वेगळे करायला चाळणी लागते, आणि टेस्टर असूनही या माणसाने स्वयंपाकघरातली रव्याची चाळणी नेली. चाळायचा, धुवायचा, पुन्हा जागेवर टांगायचा. त्या भुग्यात झाडलेल्या प्रायमरचं, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीचं, शिसं धुळीच्या रूपाने उतरतं, हे त्याने नेमबाजांच्या ऑनलाइन फोरमवर वाचलेलंही होतं. वाचणं आणि चाळणी ही त्याच्या डोक्यात दोन वेगळी खाती होती.

मग त्याला सतत थकवा यायला लागला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, बऱ्याच तपासण्या केल्या, छंद काय म्हणून विचारलं, आणि रक्तातलं शिसं मोजलं. ते वाढलेलं निघालं. शैलाचं नव्हतं, ही देवाची कृपा किंवा उपमा फारसा न होण्याची. त्या शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. शैलाने ती चाळणी टेबलाच्या मधोमध ठेवली होती.

"ही काय आहे?" तिने विचारलं.

"चाळणी," दिलीप म्हणाला.

"माझी चाळणी. आता ऐक. एक, ही गॅरेजात जाईल आणि परत येणार नाही. दोन, स्वयंपाकघराच्या दाराच्या आत पितळ येणार नाही, कपडे येणार नाहीत, तो भुगा तर नाहीच. आणि पुढच्या तपासणीत तुझं शिसं खाली आलं नाही, तर बंदूक विकायची. सुधीर साक्षीला आहे."

"मला कशाला मध्ये घेतेस?" मी म्हटलं.

"सरडा आहेस ना तू," शैला म्हणाली, "मग बस गप्प."

दिलीप हसला नाही. बंदूक जाईल, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं असावं. त्या रात्री निघताना तो मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि एवढंच म्हणाला, "पाण्याचं घ्यायला पाहिजे."

पाण्याचं म्हणजे आडवं फिरणारं पिंप. त्यात पाणी, साबण, थोडं काहीतरी आंबट, आणि स्टीलच्या बारीक काड्या. धूळ उडत नाही, शिसं पाण्यात राहतं. तत्त्व सोपं होतं, निवड नव्हती. तयार मोठी यंत्रं त्याला परवडली असती, पण पटली नसती. लहान मुलांना दगड घासून चकाकवायला मिळतं ते स्वस्त पिंप आणून पाहिलं, तर त्यात मूठभर पुंगळ्या मावायच्या आणि झाकण गळायचं. क्लबातला केन, वय ऐंशीच्या पुढे, त्याने आपलं जुनं सिमेंट कालवायचं यंत्र फुकट देऊ केलं. दिलीपने शेजाऱ्यांच्या भिंतीकडे पाहून ते नम्रपणे नाकारलं. त्याच्या अटी मला पाठ झाल्या होत्या: आतून रबराचं अस्तर हवं, नाहीतर आवाजाने शेजारीण कौन्सिलला कळवेल, पट्टा तुटला तर कुठल्याही दुकानात मिळणारा हवा, मोटर उघडून तेल घालता यायला हवी. दिवे, टायमर, बटणं यांचे पैसे द्यायचे नाहीत. "त्यांना बिघडायला आवडतं," असं त्याचं मत होतं. अखेर साउथहॅम्प्टनला एक निवृत्त गृहस्थ आपलं विकत असल्याचं कळलं आणि आम्ही दोघं माझ्या गाडीतून गेलो. दिलीपने पिंपात पाणी भरून, झाकण लावून, त्या माणसाच्या स्वच्छ ड्राइव्हवेवर ते उलटं करून धरलं. बराच वेळ. ते गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, घराणंच तसलं आहे. एक थेंबही पडला नाही, आणि परतीच्या वाटेवर दिलीप त्या पिंपाला मागच्या सीटवर पट्टा बांधून घेऊन आला.

आंबट म्हणून सगळे सायट्रिक अ‍ॅसिड घालतात. दिलीपने कोकम घातलं. त्याची आई देवाची भांडी आमसुलाने घासायची, तेव्हा हे त्याला उघड वाटलं. हॅरोच्या दुकानातून मी त्याला पाकिटं नेऊन द्यायचो. गॅरेजातल्या बरणीवर शैलाने मोठ्या अक्षरांत "सोलकढीसाठी नाही" असं लिहून ठेवलं होतं. पहिल्या खेपेला त्याने मूठ सैल सोडली आणि पिंप नको तितका वेळ फिरवलं. काढलं तेव्हा पुंगळ्या पिवळ्या नव्हत्या, तांब्यासारख्या गुलाबी झाल्या होत्या. तो मला फोनवर तळमळून समजावत होता, आंबट जास्त झालं की पितळातलं जस्त निघून जातं आणि वर नुसतं तांबं उरतं. "आई मिनिटभर घासायची आणि धुऊन टाकायची. मी मूर्ख, तासन्‌तास भिजवत बसलो. गुलाबी झाली की भरवसा नाही. टाकायची." त्याने सगळ्या टाकल्या. त्यानंतर अगदी थोडं कोकम, थोडाच वेळ, मग तीनदा पाणी बदलून धुणं, मग त्याच हद्दपार चाळणीत निथळणं... त्याचं तंत्र बसलं, आणि त्याचा थकवाही हळूहळू उतरत गेला. गेल्या आठवड्यात रक्त देऊन आलोय, असं त्याने शेवटच्या रविवारी सांगितलं. "खाली असेल ना रे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी सरडा आहे.

इथे माणूस गेल्यावर क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळायला आठवडे जातात, तोवर दुःखालाही रांगेत उभं राहावं लागतं. आमच्या वयाला आता हे सवयीचं झालंय. काळा कोट आत ठेवावा म्हणतो आणि तो दारामागेच राहतो. इथल्या मराठी मंडळाने मधल्या काळात एका शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. अध्यक्षांनी दिलीपला "साता समुद्रापार मराठी नेमबाजीचा झेंडा रोवणारा" म्हटलं. तो क्लबाच्या यादीत कायम मधोमध असायचा, आणि झेंडे त्याला वाऱ्याची दिशा कळावी एवढ्यापुरतेच लागायचे. खरं बोलला तो केन. क्रिमेटोरियमबाहेर क्लबाचा टाय लावून उभा होता. मला म्हणाला, "तुमचा मित्र कधी जिंकला नाही. पण त्याने भरलेली एकही गोळी फुसकी निघाली नाही." यापेक्षा चांगलं भाषण मी बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नाही.

गेल्या शनिवारी मी शैलाकडे गेलो. पोलीस येऊन रायफल आणि भरलेली काडतुसं घेऊन गेले होते. फार सभ्यपणे, बूट पुसून. रिकाम्या पुंगळ्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. गॅरेज आवरायला मी मदत करणार होतो. पिंप तसंच होतं, प्लग जमिनीवर पडलेला. त्या दुपारनंतर त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि आत पाणी असेल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी झाकण फिरवलं. गढूळ, काळसर पाणी, आंबूस वास. पाणी ओतलं आणि खाली पुंगळ्या दिसल्या. सगळ्या गुलाबी.

शैला वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या फोनवर परवा जीपीच्या दवाखान्याचा मेसेज आला. मी बंदच केला नाहीये त्याचा फोन." तिने तो माझ्यापुढे धरला. रक्ताचा रिपोर्ट समाधानकारक आहे, पुढे काही करण्याची गरज नाही, असं त्यात होतं. माणूस गेल्याचं कळल्यावरही यंत्रणा अशी मेसेज पाठवत राहते, त्यात कुणाचा दोष नसतो.

"म्हणजे ठेवता आली असती," ती म्हणाली.

"हो."

"मी विकायला नसतीच लावली, सुधीर. नुसतं म्हटलं होतं."

"त्याला माहीत होतं," मी म्हटलं. त्याला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. रक्ताची वाट तर तो पाहत होता.

मी पुंगळ्या चाळणीत घेतल्या आणि कचऱ्याच्या पिशवीकडे वळलो. गुलाबी झाली की टाकायची, एवढं मला शिकवलेलं होतं. "टाकू नकोस," शैला म्हणाली. "धू. तो धुवायचा तसं." मी बाहेरच्या नळाखाली तीनदा पाणी बदलून धुतल्या, स्टीलच्या काड्या झटकून काढल्या, निथळू दिल्या. तिने मला मध्येच दटावलं, "हातमोजे घाल आधी." गार वारं होतं, त्या काही लवकर वाळणाऱ्यातल्या नव्हत्या. शैलाने माझ्या हातातून चाळणी घेतली, कोपराने स्वयंपाकघराचं दार ढकललं, आणि पितळ आत नेलं. हॉलमधल्या रेडिएटरवर जुना टॉवेल अंथरून तिने त्या पुंगळ्या एकेक करून, तोंड खाली, ओळीने मांडल्या. मी निघालो तेव्हा हीटिंग लागलं होतं, आणि ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली होती.