मासळीत नापास

"मॅडम, माजी पोर मासलीत नापास? आमचे घरान कोनी मासलीत नापास झालाय का कदी?"

हिराबाईंनी निकालाची प्रिंट माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्यामागे त्यांची मुलगी तेजश्री खाली मान घालून उभी होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची. मी पनवेलच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाची अधीक्षक. निकालाच्या आठवड्यात माझ्याकडे लोक रडायला किंवा भांडायला येतात. या बाई करंजाहून दोन गाड्या बदलून जाब विचारायला आल्या होत्या.

तेजश्रीला बंदराजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत नोकरी लागली होती. पास झाल्याचा कागद सोमवारी दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्या दिवशी शुक्रवार होता.

आता बी.कॉम. कसं होतं ते सांगते, कारण मुलांनाही ते शेवटच्या वर्षीच कळतं. नुसतं पास होऊन भागत नाही, क्रेडिट जमवावी लागतात. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. अर्थशास्त्र, अकाउंट्स यांचं वेगळं, इंटर्नशिपचं वेगळं, आणि 'ओपन इलेक्टिव्ह'चं वेगळं. हा शेवटचा प्रकार म्हणजे कॉमर्सच्या मुलांनी कॉमर्सबाहेरचा एखादा विषय घ्यायचा. एका खात्यातलं जास्तीचं क्रेडिट दुसऱ्या खात्यात चालत नाही. तेजश्रीने सोपं जाईल म्हणून 'मत्स्यव्यवसाय परिचय' घेतला होता, आणि नेमकी तिथलीच दोन क्रेडिट कमी पडली होती.

मी कॉम्प्युटर उघडला. लेखी परीक्षेत तीसपैकी सव्वीस. वीस मार्कांच्या प्रॅक्टिकलपुढे 'गैरहजर'. दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. प्रॅक्टिकल म्हणजे मासळी बंदराला भेट आणि त्यावर रिपोर्ट.

"कुठल्या बंदराला?" मी विचारलं.

"करंजा," तेजश्री म्हणाली.

मी चष्मा काढून ठेवला. "घराशेजारची भेट तू चुकवलीस?"

"नाही मॅडम, मी होते की तिथे."

विषय शिकवणारे दामले सर प्राणिशास्त्राचे. माणूस सज्जन, पक्का शाकाहारी. मासा त्यांनी बाटलीतच जास्त पाहिलेला. त्यांना बोलावलं. ते हजेरीपट घेऊनच आले.

"तिन्ही बस कॉलेजमधून सातला सुटल्या. दारात उभा राहून मी स्वतः हजेरी घेतली. ही नव्हती."

"सर, करंजाहून पनवेलला येऊन परत करंजालाच कशाला जायचं? मी तिथेच थांबले," तेजश्री म्हणाली. "आईची होडी लागली होती, म्हणून लिलावाला तिच्यासोबत होते. मग तुम्हीच मला बोलावलंत. मला वाटलं, हजेरी लागली."

"मी? तुला?" सरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांच्या त्या वर्गात दीडशे मुलं. चेहरा आठवणं शक्य नव्हतं.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी भेट निघेल, तेव्हा जाऊन ये."

"कंचे बंदरावं?" हिराबाईंनी विचारलं.

"करंजा."

"साहेब, ती आता तिथशीच आलेय."

प्राचार्य पाणी प्यायले. माझं डोकं तापलं होतं, पण नियम त्यांच्या बाजूने होता. पुरावा पाहिजे होता. मी कपाटातून त्या भेटीची फाईल काढली. तपासणी समितीसाठी आम्ही प्रत्येक उपक्रमाची फाईल ठेवतो. फोटो, माहिती, सह्या. आतमध्ये पहिलाच फोटो होता, 'स्थानिक विक्रेतीशी संवाद साधताना प्रा. दामले'. विक्रेतीने उन्हामुळे तोंडाला ओढणी बांधलेली. फक्त डोळे दिसत होते.

"ही मीच," तेजश्री म्हणाली.

"डोळ्यांवरून मार्क देता येत नाहीत," प्राचार्य म्हणाले.

फोटोखाली मुलाखतीचा फॉर्म होता. 'नाव : स्थानिक विक्रेती. शिक्षण : चालू. शेरा : विक्रेतीस शिक्षण पूर्ण करण्याचे महत्त्व पटवून दिले.' आणि तळाशी सही. मी तेजश्रीचा परीक्षेचा अर्ज काढून शेजारी ठेवला. माझी तीस वर्षं सह्या ताडण्यात गेली आहेत. त्या दोन सह्या एकाच हाताच्या होत्या.

सर खुर्चीत बसले. "मी हिला म्हणालो होतो, शिका, सोडू नका."

"हो सर," तेजश्री म्हणाली. "म्हणूनच सोडलं नाही."

त्या फॉर्मच्या कोपऱ्यात 'तपासले' असा शिक्का होता आणि त्यावर माझी सही. मी एक ओळही न वाचता ती ठोकली होती. मला लाज वाटली, आणि मी ते तिथेच बोलून टाकलं.

राहिला रिपोर्ट. तिने तो दिला नव्हता; सरांनी सगळं विचारून लिहून घेतलं, तोच रिपोर्ट असं तिला वाटलं होतं. मी बाकी मुलांचे रिपोर्ट चाळले. होडी कधी येते, भाव कसा ठरतो, बर्फ कुठून येतो, सगळ्यांनी तिचीच उत्तरं उतरवली होती. सगळ्यांना अठरा-एकोणीस मार्क होते. सरांनी तिला तिथेच टेबलाशी बसवून तिच्या हाताने रिपोर्ट लिहून घेतला आणि पंधरा मार्क दिले.

"पाच कशाचे कापले?" हिराबाईंनी विचारलं.

"उशिरा दिला म्हणून," सर म्हणाले.

प्राचार्यांनी दुरुस्तीच्या पत्रावर सही केली. पाच वाजता पास झाल्याचा कागद तेजश्रीच्या हातात पडला. सोमवारी ती कामावर रुजू झाली.

कॉलेजात कुठलीही चूक झाली की ती सुधारत नाहीत, फॉर्ममध्ये रकाना वाढवतात. भेटीच्या फॉर्मवर आता एक प्रश्न माझ्या आग्रहामुळे आहे : 'मुलाखत दिलेली व्यक्ती आपल्याच वर्गातली आहे का?' दामले सर तो फॉर्म भरण्याआधी समोरच्याला ओढणी बाजूला करायला सांगतात.