मुलीच्या बोर्डाला लावलेलं वार्निश

मी चौथी नापास. पण विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरण्यात चाळीस वर्षं काढली, म्हणून यंत्राला मी कधी भ्यालो नाही. या उन्हाळ्यात मात्र भ्यालो.

मुलगी शाळेत होती तेव्हा सुरतहून तिच्यासाठी टीव्हीला जोडायचा एक जुना कॉम्प्युटर आणला होता. आता ती पुण्याला नोकरीला आहे, आणि या वयात तिला त्याच डब्याचं वेड लागलंय. आठ महिने खपून तिने एक बोर्ड बनवला. त्यावर चार प्रोसेसर. डब्याच्या मागच्या फटीत तो खोचायचा, की एकाचं काम चौघं मिळून करणार. डबा आणि बोर्ड घेऊन ती दोन दिवस घरी आली होती; दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यात असल्या जुन्या यंत्रांचे शौकीन जमणार होते, त्यांना तिला तो चालवून दाखवायचा होता.

मी विचारलं, "चार डोकास्ना मुकादम कोन?"

"जुना डबाच मुकादम, आबा. मिरची वाळाडानी पथारीवर कसं, मुकादम बायास्ले वाफे वाटी देस, तसं."

"मंग मुकादमच म्हातारा, तो चार जवानले काय वाटी देई?"

ती हसली आणि आईबरोबर नंदुरबारला मिरची घ्यायला गेली.

बोर्ड खाटेवर उघडा पडला होता. उघडं तांबं दिसलं की माझा हात थांबत नाही. पुण्याच्या पावसात ओल धरेल, असं मनात आलं. मोटरीला लावतो तेच बिनरंगी वार्निश घेतलं, दोन हात मारले, उन्हात वाळवलं. फटीत जाणारे कडेचे पिवळे दातही सोडले नाहीत.

ती आली, बोर्ड खोचला, पण डब्याला त्याचा पत्ताच नाही. तिने सोल्डरने जोडलेले सगळे डाग एकेक करून तपासले. "मन्हीच चूक शे," असं पुटपुटत राहिली. मी समोर बसून चहा प्यायलो. वार्निशने मोटर जगते, मग हे का मरावं? काही उमजेना. दुपार टळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, आणि मी बोललो.

"त्याले वार्निश मी लावं."

"दातास्ले बी?"

"बी."

तिने बोर्ड उजेडाला धरला. मग म्हणाली, "आबा, वीज त्याच दातांतून जास ना!"

थिनर आणि बनियनची चिंधी घेऊन मी दिवेलागणीपर्यंत ते दात पुसले. टीव्हीवर चित्र उमटू लागलं. प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला चित्राचा एक पट्टा होता; तीन पट्टे भराभर भरले, चौथा काळाच राहिला. तीन तर तीन म्हणून ती पहाटेच्या गाडीने घेऊन गेली.

नंतर फोनवर म्हणाली, चौथ्याचा डाग तिचाच कच्चा होता. तिचं म्हणणं खरं, का वार्निशच चिपखाली शिरलं आणि ती मला सांभाळून घेतेय, मला अजून कळलेलं नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने आईला फोन द्यायला सांगितलं.