पाच मिनिटांचं कार्ड

वत्सलाबाईंना शिकलेल्या माणसांचा राग येत नसे. तो येऊन येऊन संपला होता. उरली होती ती नुसती कीव. नाशिकच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या एकोणीस वर्षं कंत्राटावर होत्या. सकाळी नाशिक रोडहून बसने यायचं, फळमाश्यांसाठी मक्याचं पीठ न् गूळ शिजवायचा, बाटल्यांत ओतायचा आणि जुन्या बाटल्या धुवायच्या. चिलटांचे असे लाड त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. आणि या चिलटांवर डॉक्टर झालेल्या साहेबांना गॅसची शेगडी पेटवता येत नव्हती.

ते साहेब म्हणजे विभागप्रमुख शेखर सर. फळमाशीच्या अंड्याचं कवच हा त्यांचा विषय. अंडं रव्याच्या कणाएवढं, पण सर त्यावर तास तास बोलत. ऐकून ऐकून वत्सलाबाईंना सगळं पाठ झालं होतं. अंडं माशीच्या पोटात असतानाच भोवतालच्या पेशी प्रथिनं सोडतात. आधी आतला पातळ पापुद्रा बनतो, मग त्यावर बाहेरचं जाड कवच. ही प्रथिनं नुसती साचत नाहीत, एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून तर पापुद्रा पक्का होतो. त्यातलं एक प्रथिन नसलं की तो गळका.

सरांनी असं एक प्रथिन नसलेल्या माश्या पाळल्या होत्या. सृष्टी नावाची संशोधक मुलगी त्यांची अंडी तपासायची. ब्लीचमध्ये ठेवून बाहेरचं कवच काढायचं, मग अंडी लाल रंगात बुडवायची. पापुद्रा पक्का असला तर अंडं पांढरं राहतं, गळका असला तर लाल होतं. ब्लीचमध्ये किती वेळ ठेवायचं याचं कार्ड सरांनी सहीनिशी भिंतीवर लावलं होतं: पाच मिनिटं.

मार्चमध्ये बिनसलं. साध्या, निरोगी माश्यांची अंडीही लाल व्हायला लागली. अहवाल वर गेला आणि पैसे देणाऱ्या समितीनं कळवलं की शुक्रवारी येऊन बघतो. सर तडक बेसिनपाशी आले.

"बाई, बाटल्यांना साबण राहतोय. समितीसमोर असं झालं तर तुमचं कंत्राट संपलं म्हणून समजा."

घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं. पण वत्सलाबाईंना त्याहून जास्त झोंबलं ते धुण्याला नाव ठेवलेलं.

"साबण नाय सर. ब्लीच नवं हाय," त्या म्हणाल्या. "जुना कॅन दोन वर्षं खिडकीत उन्हात पडून होता, त्याचा जोर गेला होता. तुमची पाच मिनिटं त्याच्यासाठी बरोबर. हे लय कडक हाय, आतला पापुद्रासुद्धा खातंय. आमच्या निफाडला द्राक्षाचे घड औषधात बुडवतात, तिथं औषध कडक झालं तर घड करपतो."

सर हसले. "बाई, ही प्रयोगशाळा आहे. द्राक्षाचा मळा नाही." आणि ते गेले. एवढी पुस्तकं वाचूनही माणसाला कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचं सुचू नये, याचं वत्सलाबाईंना खरंच नवल वाटलं.

त्यांनी सृष्टीला गाठलं. सृष्टीनं गुपचूप दीड मिनिटात अंडी काढून पाहिली. साधी पांढरीशुभ्र, गळकी तेवढी लाल. पोरगी उड्याच मारायला लागली.

"सरांना सांग."

"सांगते ना, बाई. नक्की सांगते."

शुक्रवारी सृष्टीनं दीड मिनिटातच अंडी काढली. सर तेव्हा पाहुण्यांना आपले सत्कारांचे फोटो दाखवत होते. प्रयोग झकास झाला. समितीतल्या मॅडमनी विचारलं, "मग मागे काय चुकत होतं?"

"धुण्यात हयगय होत होती," सर म्हणाले. "आता कडक समज दिली आहे."

चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वत्सलाबाईंनी सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीनं झटकन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्याच्याखाली तेव्हा काचसुद्धा नव्हती. अंड्यातलं प्रथिनही शेजारच्याला धरून राहतं, आणि ही डॉक्टर व्हायला निघालेली! वत्सलाबाईंना तिची किळस आली.

सोमवारी पत्र आलं. कंत्राट तीन महिने वाढवलं होतं आणि खाली लेखी ताकीद होती: स्वच्छतेच्या कामात हलगर्जी. एकोणीस वर्षांत पहिली. वत्सलाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि निथळायला पालथ्या घातलेल्या बाटल्यांखाली अंथरलं.

त्याच दुपारी सर नवेकोरे हातमोजे घालून आले. समितीला पाठवायला त्यांना स्वतःच्या हातानं केलेल्या प्रयोगाचा व्हिडिओ हवा होता. मोबाइल धरायला सृष्टी उभी राहिली. सरांनी सगळी अंडी, एकही मागे न ठेवता, ब्लीचमध्ये सोडली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

"बाई, टायमर लावा. किती?"

मोबाइलमागे सृष्टीचं तोंड उघडलं. मग मिटलं.

वत्सलाबाईंनी पदराला हात पुसले आणि भिंतीवरचं कार्ड नीट वाचल्यासारखं केलं.

"पाच मिनिटं, सर," त्या म्हणाल्या. "तुमचीच सही हाय."