आतील चीजवस्तूंसह

चिखलदऱ्याचा आमचा छोटा बंगला विकायला काढला, तेव्हा खरेदीखताचा मसुदा मी मोठ्या ऐटीत स्वतःच लिहिला : 'आतील सर्व चीजवस्तूंसह, अक्षय्यतृतीयेस ताबा.' तो अकोल्याच्या कापूस-जिनवाल्या शेठना ओसरीवर वाचून दाखवताना माझी जीभ अडखळली. दर्यापूरच्या एका मास्तरांना तोच बंगला मी अख्ख्या वैशाखासाठी भाड्यानं कबूल केला होता! त्यांची बायको मुदतीच्या तापातून नुकतीच उठली होती, आणि तिला थंड हवेवर न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी चूक सांगितली. शेठ म्हणाले, "मास्तरले कळवून टाका, दुसरीकडं पाहा म्हना."

"वैशाखात तिथं दुसरी जागा भेटत नाही, शेठजी. मी शब्द देल्ला हाये."

"शब्द तुमचा. बंगला माहा."

"सही कुठं झाली अजून?" माझा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "आतल्या चीजवस्तू पायजेत ना तुमाले? मंग मास्तर, त्यायची बायको अन् तिची औषधाची बाटली, सारं वैशाखभर आतच राहीन. भाडं तुमी घ्या. नसंन जमत तं सौदा मोडला!"

शेठ हसले नाहीत. टोपी चढवून उठले आणि पायरीवरून म्हणाले, "जेठात ताबा. तसं लिहून ठेवा."

मी छाती फुगवून आत गेलो. बायको दाराआडून सगळं ऐकत होती. म्हणाली, "एवढा आवाज हाये तुमच्यात, अन् अठरा वर्सं दूधवाल्याशी मी एकटीच भांडून राहिली!"