चंद्रीचं वासरू

आधीच सांगते, मी बी.एस्सी. झालेली आहे. नजर लागणं, बाहेरची बाधा... असल्या गोष्टींना मी घरात कायम हसत आले. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

दुष्काळाचं साल. मांजरसुंब्याहून लिंबागणेशकडे जाताना एका माळावर सहकारी सोसायटीची चारा छावणी होती. नवरा कामाला पुण्यात. आमची गाय चंद्री गाभण, आणि मला नववा लागलेला. गावात पाणीच नव्हतं, म्हणून मी आणि सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणते — गुरांसोबत छावणीतच ताडपत्रीखाली राहत होतो.

बीडच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करून बजावलं होतं, "बाळ पायाळू आहे. आता फिरेल असं वाटत नाही. कळा आल्या की लगेच निघा, सिझर करावं लागेल." माळावरून गाडी वेळेवर मिळेल का, याच धास्तीत मी असायचे.

चंद्रीची मात्र काळजी नव्हती. त्या सकाळीच गुरांच्या डॉक्टरांनी हात घालून तपासलं होतं. "वासरू सरळ हाय. तोंड, पुढचे पाय, समदं जागेवर. आज-उद्या व्यायल."

दुपारी ती बसली होती आणि मी तिच्या पाठीला टेकले होते. अचानक पोटात असं ढवळलं की श्वासच अडकला. काहीतरी मोठं, जड, एका कुशीतून दुसरीकडे सरकत गेलं... आणि माझ्या पाठीमागे चंद्री हंबरली. तसलं हंबरणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"आत्या! पोटात काय तरी झालं!"

आत्या धावत आल्या, पण त्यांची नजर चंद्रीवर खिळली. "अगं बाई... मागचे पाय आले की गं!"

माणसांनी ओढून वासरू काढलं. मेलेलं. डॉक्टर परत आले. "सकाळी मी ह्याचं तोंड चाचपलंय," एवढंच म्हणाले.

चंद्रीनं वासराला हुंगलंसुद्धा नाही. धडपडत उठली, माझ्याजवळ आली आणि माझं पोट चाटायला लागली... साडी ओलीचिंब होईपर्यंत. मी रडत होते. आत्यांनी तिला ओढलं नाही.

"चाटू दे," त्या म्हणाल्या. "आता तिला न्हाई म्हनू नको."

दुसऱ्या दिवशी बीडला परत सोनोग्राफी केली. डोकं खाली! मुलगी नॉर्मल झाली, धडधाकट आहे. चंद्रीनं मात्र चारा सोडला. पुढ्यात वैरण तशीच ठेवून गेली बिचारी.

डॉक्टरबाई म्हणतात, शेवटीसुद्धा बाळ कधी कधी फिरतं. वासराचंही तसंच झालं असेल. असेल... पण दोन्ही एकाच वेळी? ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.

एकदा आत्यांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? नातीला मांडीवर थोपटत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"कावून इचारतीस? पोरगी जित्ती हाय न्हवं?"

मग मी परत विचारलं नाही.